कूम डाउन : पोखरलेल्या टेकडीवरचे चार दिवस

इंग्लंडच्या नैऋत्येकडील बाथ हे शहर पाहणारे लोक बहुधा सकाळच्या गाडीने लंडनहून येतात, रोमन स्नानगृहे आणि रॉयल क्रेसेंट पाहतात आणि संध्याकाळी परत फिरतात. दोन वर्षांपूर्वी आम्हीही तेच केले होते. ज्या मधाळ रंगाच्या दगडाने ते सबंध शहर बांधलेले आहे तो आला कोठून, असे त्या वेळी मी आमच्या वाटाड्याला विचारले, तेव्हा त्याने दक्षिणेकडच्या झाडीने भरलेल्या डोंगराकडे नुसते बोट दाखवले आणि तो पुढे चालू लागला. पाटबंधारे खात्यात तीस वर्षे काळ्या कातळाशी झगडण्यात गेल्यामुळे ते बोट माझ्या मनातून काही गेले नाही. या सप्टेंबरात ब्रिस्टलला मुलीकडे गेलो असताना आम्ही दोघे त्या डोंगरावर चार दिवस राहून आलो.

त्या उपनगराचे नाव कूम डाउन. ‘कूम’ म्हणजे दरी आणि ‘डाउन’ म्हणजे टेकाड. इंग्रजी येणाऱ्या माणसालाही फसवणारे नाव आहे, कारण डाउनला जायचे तर वर चढावे लागते. हे टेकाड एव्हन नदीच्या पातळीपासून सव्वाशे-दीडशे मीटर उंच असून त्याच्या उत्तर अंगाला बाथ आणि दक्षिण अंगाला मिडफर्डची खोल हिरवी दरी आहे.

पहिला दिवस : चढ

ब्रिस्टलहून बाथ आगगाडीने पाव तासाच्या अंतरावर आहे. बसस्थानक रेल्वे स्थानकाला लागूनच असून तेथून वर जाणाऱ्या बस वरचेवर सुटतात. सामान मुलीने आदल्या दिवशीच मोटारीने पोहोचवले असल्याने मी चालत जाण्याची टूम काढली आणि सौ.ने, “अहो, गुडघे तुमचे आहेत, तुम्ही चाला,” असे सांगून बस धरली. ती माझ्यापेक्षा पाऊण तास आधी पोहोचली, चहा प्यायली आणि घरमालकीणबाईंशी तिची मैत्रीही झाली.

तरीही चालत गेल्याचा मला पश्चात्ताप नाही. विडकूम या पायथ्याच्या वस्तीतून जो चढाचा रस्ता वर जातो त्याला राल्फ ॲलन ड्राइव्ह म्हणतात आणि कूम डाउनचा निम्मा इतिहास त्याच एका रस्त्याचा आहे. राल्फ ॲलन कॉर्नवॉलचा. १६९३ साली जन्मलेला हा मुलगा टपाल कचेरीतील नोकरीसाठी बाथला आला आणि विशीही गाठण्याआधी तेथला पोस्टमास्तर झाला. त्या काळी बहुतेक टपाल लंडनमार्गे फिरून येत असे. आडव्या मार्गांनी ते एका गावाहून दुसऱ्या गावी थेट नेण्याचा ठेका त्याने १७२० मध्ये घेतला आणि त्यात त्याला अमाप पैसा मिळाला. एव्हन नदीतून ब्रिस्टलपर्यंत होड्या जाण्याची सोय १७२७ मध्ये झाली, तेव्हा जड माल स्वस्तात बाहेर धाडता येईल हे ओळखून त्याने कूम डाउनच्या खाणी ताब्यात घेतल्या. अडचण एवढीच होती, की दगड डोंगरावर आणि नदी पायथ्याशी.

त्यावर त्याने काढलेला तोडगा मला आजही अभियंता म्हणून आवडतो. १७३१ साली त्याने खाणींपासून नदीकाठापर्यंत सुमारे दीड मैल लांबीचा लाकडी रुळांचा मार्ग घातला. दगडाने भरलेल्या गाड्या स्वतःच्या वजनाने उतरत, त्यांना आवरायला ब्रेक लावणारा माणूस असे आणि खाली रिकाम्या झालेल्या गाड्या घोडे वर ओढून नेत. वाफेचे इंजिन रुळांवरून गाड्या ओढू लागण्याच्या कितीतरी आधी हे चालले होते आणि ते पाहायला लोक मुद्दाम येत असत. ॲलन १७६४ मध्ये वारला आणि त्यानंतर रूळ उखडले गेले. आज त्या मार्गावर डांबर आहे. त्या डांबरी चढावर दर शंभर पावलांनी थांबताना, उतारावर भरलेली गाडी आणि चढावर रिकामी गाडी हे साधे गणित किती शहाणपणाचे होते ते मला पोटऱ्यांनी समजावून दिले.

वर पोहोचल्यावर एकदम सपाटी लागते आणि खेड्याचे वळण दिसू लागते. चर्च रोडवर डी मॉन्टाल्ट प्लेस नावाची अकरा घरांची ओळ आहे. ॲलनने आपल्या पाथरवटांसाठी ती १७२९ मध्ये बांधून घेतली आणि तिचा आराखडा जॉन वुडने, म्हणजे पुढे बाथचे भव्य चौक आखणाऱ्या वास्तुविशारदाने केला. मजुरांची चाळच ती, पण दरवाज्यांच्या चौकटी अशा घोटीव, की एखाद्या सरदाराच्या वाड्याला शोभाव्यात. मी पोहोचलो तेव्हा दिवसभराची रिपरिप थांबून पश्चिमेकडून ऊन आले होते. कोरडा असताना हा दगड साधारण साजूक तुपाच्या रंगाचा दिसतो. ओला झाला आणि त्यावर तिरपे ऊन पडले की त्याच्यावर मधाची छटा येते. छायाचित्र काढायचे असेल तर पाऊस उघडल्यानंतरचा अर्धा तास गाठावा, असे मी आवर्जून सांगेन.

त्या रात्री एक अपघात झाला. सौ.ने भाजणीबरोबर आणलेली लिंबाच्या लोणच्याची बाटली बॅगेत पाझरली होती आणि तिच्या आवडत्या लोकरी शालीवर तळव्याएवढा पिवळा तेलकट डाग पडला होता. घरमालकीणबाईंनी साबण, सोडा, सारे काही पुढे केले, पण डाग हटला नाही. लोणचे मात्र त्यांनी चीजबरोबर खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितले.

दुसरा दिवस : टेकडीचे पोट

सकाळी धुके होते. न्याहारीच्या वेळी मी घरमालकीणबाईंना खाणी कोठे आहेत असे विचारले. पंचाहत्तरीच्या त्या बाईंनी चहाचा कप न ठेवता डाव्या हाताने टेबलाखालच्या फरशीकडे बोट दाखवले. “इथे,” त्या म्हणाल्या, “तुम्ही तिच्यावरच बसला आहात.”

दगडांवरचे येथील छोटे संग्रहालय आठवड्यातून ठरावीक दिवशीच उघडे असते, तेव्हा जाण्याआधी वेळा पाहून ठेवाव्यात. तेथे एका निवृत्त स्वयंसेवकाने आम्हाला दीड तास दिला. त्याने माझ्या हातावर दगडाचा एक तुकडा ठेवला आणि भिंग दिले. भिंगातून पाहिले तर खसखशीची वडी! गोल गोल बारीक दाणे एकमेकांना चिकटलेले. सुमारे सतरा कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळात, या भागावर उथळ उबदार समुद्र होता. तळावरचे शंखशिंपल्यांचे कण लाटांनी मागेपुढे लोळत राहिले, त्यांच्यावर चुन्याचे पापुद्रे चढत गेले आणि त्या दाण्यांचा मिळून हा खडक झाला. कोठेही ठळक थर नसल्याने तो हव्या त्या दिशेने कापता येतो. खाणीतून काढताना तो ओलसर आणि मऊ असतो, इतका की लाकडासारखा करवतीने चिरावा. पुढे हवेवर सुकला की कठीण होतो. आमच्याकडे लाव्हारस थिजून झालेल्या बसाल्टवर पाथरवटाची पिढी छिन्नी झिजवते आणि येथे दगडाला करवत लागते, हे पाहून मला थोडा हेवाच वाटला. मुंबईच्या जुन्या इमारतींच्या नक्षीकामात पोरबंदरचा पिवळसर चुनखडक वापरला गेला तो याच कारणासाठी: काळा कातळ भार घेतो, पण त्याच्यावर पान-फूल कोरायचे म्हणजे जन्म जातो.

या डोंगरातील दगड रोमनांनाही ठाऊक होता, परंतु जमिनीखालून पद्धतशीर खोदाई झाली ती अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत. पद्धत अशी: पुढे खणत जायचे आणि छत पेलण्यासाठी मधे मधे दगडाचेच जाड खांब सोडायचे. ॲलनच्या काळात खाणीला एकच धनी होता. पुढे मालमत्ता विकली गेली, तुकडे पडले आणि लहान लहान खाणमालक आले. ज्याला जेवढा दगड हवा त्याने तेवढा काढला आणि शेवटी उभे खांबही कोरून बारीक केले. एकोणिसाव्या शतकात खाणी हळूहळू बंद पडल्या, लोक त्यांना विसरले आणि वर घरे, शाळा, रस्ते, चर्च असे सारे उभे राहिले. स्वच्छ हवेसाठी बाथमधील सुखवस्तू मंडळींनी येथे बंगले बांधले. १९४२ च्या एप्रिलमध्ये जर्मन विमानांनी बाथवर बाँब टाकले, तेव्हा खाणींचा एक भाग लोकांना आसरा म्हणून उपयोगी पडला.

जागे होण्याची वेळ १९९० च्या दशकात आली. पाहणी करणाऱ्यांना आढळले, की सुमारे पंचवीस हेक्टर क्षेत्राखाली पोकळी आहे, बऱ्याच भागात छताची जाडी सहा मीटरांहूनही कमी आहे आणि काही ठिकाणी तर ती जेमतेम दोन मीटर भरते. दोन मीटर म्हणजे आपल्या माजघराच्या भिंतीपेक्षाही कमी उंची! तेवढ्या दगडावर बस धावत होती. सरकारने पंधरा कोटी पौंडांहून अधिक रक्कम मंजूर केली आणि २००५ ते २०१० या काळात पोकळी भरण्याचे काम झाले. आधी वेल्समधील कोळसा खाणींत मुरलेल्या कामगारांनी आत भक्कम आधारांचे मार्ग बांधले, कारण छत कोसळण्याच्या भीतीमुळे आधाराशिवाय आत काम करणे धोक्याचे होते; मग फेस मिसळलेले हलके काँक्रीट नळांनी आत सोडण्यात आले. ते सुमारे सहा लाख घनमीटर लागले.

हा आकडा ऐकून मी गप्प झालो. धरणाच्या पायात ग्राउटिंग करताना भेगांनी सिमेंट गिळले की आमचे वरिष्ठ किती हैराण होत ते मी पाहिलेले आहे. येथे तर एक सबंध गाव भेगेवर बसले होते. मी त्या स्वयंसेवकाला विचारले, “मग सगळेच भरून टाकले का?” तो हसला. सगळे नाही. खाणींत नालनाक्या जातीची दुर्मिळ वटवाघळे राहतात. त्यांच्यासाठी काही भुयारे मुद्दाम मोकळी ठेवली आहेत, आणि काही भागांत पाणी झिरपण्याची वाट बंद होऊ नये म्हणून काँक्रीटऐवजी दगडांची भर टाकली आहे. खाणी लोकांना पाहण्यासाठी खुल्या नाहीत, तेव्हा त्या आशेने कोणी जाऊ नये.

घरमालकीणबाई नंतर सांगत होत्या, की त्या काळात त्यांच्या दारापुढे कित्येक महिने यंत्रांची घरघर चालू होती आणि फर्स फील्ड या गावच्या मैदानावर सारा तळ पडला होता. आम्ही दुपारी त्या मैदानावर गेलो तेव्हा तेथे हिरवळ होती, मुले चेंडू खेळत होती आणि एका कडेला युद्धस्मारक उभे होते. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत लढलेला शेवटचा ब्रिटिश सैनिक हॅरी पॅच याच गावचा. १८९८ मध्ये जन्मलेला हा पाथरवटाचा मुलगा नळकामगार झाला, १९१७ साली बेल्जियममधील पाशेंडेलच्या चिखलात त्याने आपले तीन सोबती गमावले आणि वयाची शंभरी गाठेपर्यंत त्याबद्दल तो कोणाशी अक्षर बोलला नाही. २००९ च्या जुलैमध्ये एकशे अकराव्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याची कबर खालच्या मंक्टन कूमच्या चर्चच्या आवारात आहे. संध्याकाळी आम्ही तिकडे उतरलो. उतार तीव्र आहे आणि गल्ली इतकी अरुंद, की समोरून मोटार आल्यास कुंपणाला पाठ लावून उभे राहावे लागते. कबर इतर कबरींपेक्षा मोठी नाही. तेथे कुणीतरी जॅमच्या बाटलीत बागेतली फुले ठेवली होती.

परतीच्या चढावर सौ. माझ्याशी बोलत नव्हती. गावातील पबमध्ये गरम सूप आणि अक्रोड-काजूंची भाजलेली वडी मिळाल्यावर बोलू लागली. ती वडी म्हणजे शाकाहारी मंडळींचा रविवारच्या भाजलेल्या मांसाला पर्याय असतो. चवीला आपल्या दाण्याच्या कुटाच्या भरिताच्या जवळ जाते, फक्त मिरची हवी होती. शाकाहारींनी इंग्लंडात उपाशी राहण्याचे दिवस गेले, पण स्वयंपाकघर रात्री लवकर बंद होते. आठच्या आत जेवायला बसावे.

तिसरा दिवस : दगडाच्या वाटेने खाली

तिसऱ्या दिवशी दगड ज्या वाटेने गेला त्याच वाटेने शहरात उतरायचे ठरवले होते. वाटेत प्रायर पार्क लागते. त्याची कथा खुन्नशीची आहे. लंडनजवळच्या ग्रिनिच येथील मोठ्या रुग्णालयाच्या कामासाठी ॲलनने आपला दगड देऊ केला, तेव्हा पोर्टलंडच्या दगडाची बाजू घेणाऱ्यांनी ॲलनच्या दगडाची तुलना किडे पडणाऱ्या चीजशी केली, असे सांगतात. काम हातचे गेले. त्यावर ॲलनने जॉन वुडकडून, बाथमधील प्रत्येकाला दिसेल अशा उतारावर, त्याच दगडाचा एक प्रासाद बांधवून घेतला. जाहिरात म्हणून राहते घर बांधणारा व्यापारी मी दुसरा पाहिला नाही. आज त्या प्रासादात शाळा आहे आणि खालची बाग वारसास्थळे जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे.

बाग म्हणजे डोंगराची एक घळच. वर प्रासाद, मधे गवताचा उतार, तळाशी तळी आणि तळ्यांवर १७५५ मध्ये बांधलेला खांबांचा छतवाला पूल. या घडणीचे पूल साऱ्या जगात मिळून चारच आहेत. लांबून तो स्वर्गीय दिसतो. जवळ गेल्यावर त्याच्या खांबांवर दोन-तीनशे वर्षांत टवाळांनी कोरलेली नावे दिसतात. रायगडावर बदाम कोरणाऱ्यांना नावे ठेवताना येथून पुढे मी थोडा आवाज खाली आणेन. पुलावरून मागे पाहिले की प्रासाद आणि पुढे पाहिले की त्याच दगडाचे शहर. मोऱ्या, कठडे, खांब, सारे एकाच डोंगरातून आलेले.

येथे मोटारी ठेवण्याची सोय अपंगांच्या वाहनांखेरीज नाही, तेव्हा बसने किंवा चालतच जावे. बागेच्या तळापासून परत वरच्या दरवाज्यापर्यंतचा चढ दमवणारा आहे. पाण्याची बाटली जवळ असावी.

शहराबद्दल मी फार लिहीत नाही, कारण त्याबद्दल सर्वत्र लिहिलेले सापडते. एवढेच सांगतो, की रॉयल क्रेसेंटच्या तीस घरांच्या त्या अर्धवर्तुळापुढे या वेळी उभा राहिलो तेव्हा मला भिंतींच्या जागी सारखी भोके दिसत होती. शेजारच्या ‘सर्कस’ नावाच्या गोल चौकात बाकावर बसून सौ. म्हणाली, “म्हणजे इथे जितके वर आहे तितके तिथे खाली रिकामे,” आणि मला दोन दिवस जे शब्दांत मांडता येत नव्हते ते तिने एका वाक्यात सांगून टाकले. सगळा दगड काही कूम डाउनचाच नाही, इतरही खाणी होत्या, हे मी तिला सांगितले; पण ते सांगताना माझा मलाच आगाऊपणा वाटला. कोळशाच्या धुरामुळे विसाव्या शतकापर्यंत यांपैकी कितीतरी इमारती काळ्याठिक्कर होत्या आणि नंतर धुऊन घासून त्यांचा रंग परत मिळवला, हेही आज पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

पंप रूममध्ये उन्हाळ्याचे, म्हणजे गरम झऱ्याचे, पाणी मिळते. झऱ्यातून रोज दहा लाख लिटरहून अधिक पाणी सेहेचाळीस अंश तापमानाने वर येते. पेल्यात ते कोमट असते आणि चव लोखंडी खिळा चोखल्यासारखी. वज्रेश्वरीला गंधकाच्या वासाने नाक मुरडणाऱ्या सौ.ने मात्र पूर्ण पेला संपवला, कारण पैसे दिले होते.

चौथा दिवस : मुलतानी माती

शेवटच्या दिवशी टेकडीची दक्षिण बाजू पाहून बोगद्यातून शहरात यायचे होते. रात्रभर पाऊस पडला होता. टकिंग मिल येथे उतरणारी पायवाट इतकी निसरडी झाली होती, की एका वळणावर सौ. बसलीच. लागले काही नाही, पण जोडे आणि शालीचे टोक निळसर करड्या चिखलात माखले. तो चिखल बोटांत घोळवताना मला आश्चर्य वाटले: वरच्या गावात तर पिवळी, भरड माती होती.

उत्तर त्या जागेच्या नावातच होते. कूम डाउनच्या टेकडीचे थर वरून खाली मांडलेल्या डब्यासारखे आहेत. सर्वांत वर तो खसखशीच्या दाण्यांचा दगड, त्याच्याखाली चिकणमातीचा थर. पावसाचे पाणी दगडातून पाझरते, मातीपाशी अडते आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. प्रायर पार्कच्या तळ्यांना आणि येथल्या ओढ्यांना पाणी मिळते ते याच रचनेमुळे. ओली झालेली ती माती घसरतेही. बाथच्या उत्तर अंगावरील कॅमडन क्रेसेंटचे बांधकाम जमीन खचल्यामुळेच अर्धवट राहिले, आणि त्याची एक बाजू आजही तोकडी आहे. या मातीला इंग्रजीत ज्या नावाने ओळखतात त्याचा अर्थ ‘लोकर धुणाऱ्यांची माती’. तिच्यात तेल शोषून घेण्याचा गुण असल्याने विणलेल्या लोकरी कापडातील चिकटा काढण्यासाठी ती वापरत, आणि ‘टकिंग’ म्हणजे या भागातल्या बोलीत कापड मळून घट्ट करणे. पाणचक्कीवर तेच काम चाले. हे सांगताना मला आपल्याकडचा शब्द आठवला आणि मी म्हणालो, “अगं, ही तर मुलतानी माती!”

सौ. क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली, जोड्यांच्या तळव्यांचा सारा चिखल काडीने खरवडून तिच्यात भरला आणि गाठ मारली. “लोणच्याच्या डागाला लावून बघते,” ती म्हणाली.

टकिंग मिलपाशी विल्यम स्मिथचे घर आहे. कोळसा वाहून नेण्यासाठी येथे कालवा खणला जात होता. १७९० च्या दशकात त्याची मोजणी करणारा हा लोहाराचा मुलगा. कालवा आखताना खडकांचे थर सर्वत्र एकाच क्रमाने येतात आणि प्रत्येक थराची ओळख त्याच्यातील जीवाश्मांवरून पटते, हे त्याच्या ध्यानात आले. १८१५ मध्ये त्याने इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या काही भागाचा भूशास्त्रीय नकाशा एकट्याने तयार केला. पण मला चटका लावून गेली ती दुसरी गोष्ट. हा माणूस साऱ्या देशाचे थर वाचू शकत असताना कूम डाउनच्या उतारावर त्याने स्वतः दगडाची खाण काढली, तेथील दगड कमी प्रतीचा निघाला आणि तो कर्जात बुडून १८१९ मध्ये लंडनच्या तुरुंगात गेला. त्याच्या नावाची पाटी जवळच्या एका घराच्या भिंतीवर लावलेली आहे, पण जाणकारांच्या मते ते घर त्याचे नव्हेच, त्याचे होते ते शेजारचे. आम्ही दोन्ही घरांपुढे उभे राहून नमस्कार केला.

कालवा आज कोरडा आहे. झाडीत त्याची खाच तेवढी दिसते. त्याच्यावरून उंच पुलाने रेल्वेमार्ग जात असे. १८७४ मध्ये सुरू झालेला तो मार्ग १९६६ साली बंद पडला आणि २०१३ च्या एप्रिलपासून चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी खुला झाला. पूल ओलांडला की कूम डाउनचा बोगदा समोर येतो. लांबी १,६७२ मीटर, म्हणजे आपल्या डोक्यावर आदल्या दिवसांत पाहिलेले सारे गाव, त्याखाली काँक्रीटने भरलेली खाण आणि तिच्याही खाली आपण. आत दिवे आहेत, तरी उजेड अंधूकच. थंडी बाहेरच्यापेक्षा कडक, तेव्हा भर उन्हाळ्यातही अंगात गरम कपडा हवा. मधल्या भागात भिंतीतून व्हायोलिनचे सूर येऊ लागतात. ती कलाकृती आहे हे ठाऊक नसल्याने सौ.ने माझा दंड घट्ट धरला होता.

या बोगद्यात धूर बाहेर जायला एकही झरोका नव्हता. १९२९ च्या नोव्हेंबरमध्ये बाथकडे येणाऱ्या मालगाडीचा वेग मंद झाला, चालक आणि त्याचा साथीदार धुराने बेशुद्ध झाले आणि पुढच्या उतारावर कोणाच्याही ताब्यात नसलेली गाडी वेग घेत बाथच्या मालधक्क्यात जाऊन उलटली. चालकासह तिघे मेले. अठराव्या शतकातील ॲलनच्या प्रत्येक गाडीवर ब्रेक धरणारा माणूस होता, हे त्या अंधारात मला राहून राहून आठवत होते. बाहेर आलो तेव्हा नेचे आणि ओलसर पानांची हिरवी घळ होती, मग दुसरा लहानसा बोगदा आणि त्यानंतर एकदम बाथची छपरे. सायकली मागून वेगाने येतात, म्हणून चालणाऱ्यांनी डावी कड सोडू नये; आणि मिडफर्डकडून बाथकडे यावे, उलट दिशेने नव्हे, म्हणजे शेवटचा उतार पायांना सुखाचा होतो.

त्या रात्री घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात भाजणीची थालीपिठे झाली. आदल्या दिवसापासून त्या लोण्याचा गोळा राखून होत्या. जेवण झाल्यावर त्या दोघींनी शाल टेबलावर पसरली, पिशवीतली माती कोमट पाण्यात कालवली, डागावर जाड थापली आणि सुकण्यासाठी चुलीशेजारी ठेवली. बाईंचे म्हणणे होते, की जन्मभर त्या या मातीवर राहिल्या, पण तिचा असा उपयोग करताना त्यांनी कोणाला पाहिले नव्हते.

सकाळी माती पापुद्र्यांनी सुटून आली. शाल उजेडात धरून सौ.ने डाग चाचपून पाहिला. तेल गेले होते. हळद तेवढी राहिली होती.